दहापैकी नऊ

ही रचलेली गोष्ट नाही. माझ्या मावसभावाच्या, दादाच्या बाबतीत घडलीय. त्याने ती मला समोर बसून सांगितली. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

मंगळवार. सकाळचे सव्वाअकरा.

दादा वैमानिकांचा परीक्षक. जमिनीवरच विमान शिकवायचं एक मशीन असतं, सिम्युलेटर. लोखंडी पायांवर उभी केलेली बंद पेटी. आत हुबेहूब कॉकपिट. पुढे दोन खुर्च्या, मागे परीक्षकाची तिसरी. काचेत दिसणारे ढग खोटे, धावपट्टी खोटी. पण पेटी हलते, आदळते ती मात्र खरीच.

त्या दिवशी परीक्षेला आली होती चिऊ. दादाच्या जिवलग मित्राची मुलगी.

मित्र कॅप्टन होता. सहा वर्षांपूर्वी उतरताना त्याचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं. तो गेला.

चौकशीत दादालाच बोलावलं. तीच हवा, तोच वारा मशीनमध्ये घाल आणि दहा वेळा उतरवून बघ, म्हणाले. दोनशे फुटांवर समोरचा वारा एकदम पडायचा आणि विमान दगडासारखं खाली जायचं. नऊ वेळा आपटलं. एकदा कसंबसं टेकलं.

अहवालात ती एकच वेळ आली. 'सावध वैमानिकाला विमान वाचवता आलं असतं.' खाली दादाची सही.

"वरून सांगितलं होतं रे," एवढंच तो म्हणतो. वर्षाच्या आत तो मुख्य परीक्षक झाला. आणि मित्राच्या बायकोला लोक तोंडावर विचारायचे, "प्यायले होते का हो?"

चिऊला त्या नऊ वेळा ठाऊक नव्हत्या. ती बापाची चूक पुसायला वैमानिक झाली होती.

त्या सकाळी डाव्या खुर्चीवर बसणाऱ्या कॅप्टनला ताप आला. मग दादाच डावीकडे बसला. चिऊ उजवीकडे. मागची खुर्ची रिकामी.

"काका, मागे कुणी नको?"

"हवा मी आधीच लावलीय. आकाश स्वच्छ, वारा नाही. डोळे मिटून उतरवशील."

दार लागलं. पेटी हलली.

दहा हजार फुटांवरून चिऊने विमान खाली आणायला घेतलं. हात बापासारखा, हलका. वेग कमी केला. पंखांच्या पट्ट्या बाहेर. चाकं खाली. समोर धावपट्टी, उन्हात पांढरी.

तेवढ्यात...

मागे टक् असा आवाज झाला.

परीक्षकाच्या फळीवरचं हवा बदलायचं बटण दाबलं की येतो, अगदी तसा.

दादाने वळून पाहिलं. खुर्ची रिकामी.

पुन्हा टक्.

काचेतलं ऊन गेलं. धुकं आलं. राखाडी, दाट.

"काका, हे तुम्ही लावलंत?"

दादाने पुढे वाकून पाहिलं. समोरच्या पडद्यावर वाऱ्याचा आकडा बदलला होता. तो आकडा त्याला पाठ होता. सहा वर्षं तो झोपेतही विसरला नव्हता.

"वर घे," तो ओरडला. "चिऊ, सोड हे, वर घे!"

तिने इंजिनांना जोर दिला. इंजिनं गरजली. विमान मात्र खालीच चाललं.

मशीन उंची मोजून सांगतं. पाचशे, चारशे, तीनशे.

त्या दिवशी ते गप्प होतं.

आवाज एकच येत होता... मागून. कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं.

चिऊची मान ताठ झाली. तिनेही ऐकलं होतं.

दोनशे फूट. वारा पडला.

दादाने दांडा पोटाशी ओढला. मुख्य परीक्षक, अठरा हजार तास विमान उडवलेला माणूस. काही उपयोग झाला नाही. पेटी अशी आदळली की त्याचे दात वाजले. काच काळी. दिवे गेले.

गुडुप अंधार.

आणि मग मशीनचा आवाज सुरू झाला.

"एक."

"दोन."

मशीन फक्त उतरते आकडे मोजतं. हे चढते होते.

"तीन... चार..."

आणि वीज तर गेली होती.

"...आठ... नऊ."

तिथे थांबला.

अंधारात चिऊने हळूच विचारलं, "काका, नऊ काय?"

दादाच्या तोंडाशी आलं होतं. तो शपथेवर सांगतो, अगदी ओठांवर होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "मशीन बिघडलंय."

त्याच क्षणी दिवे आले. टेक्निशियन दार उघडून आत आला, चेहरा उतरलेला. "सर, बाहेरच्या पडद्यावर तर स्वच्छ हवाच दिसत होती. तुम्ही आपटलात कसे?"

मग त्याने मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आणि हा पट्टा कुणी बांधला?"

रिकाम्या खुर्चीचा पट्टा लावलेला होता. घट्ट. आत कुणी बसलेलं असावं तसा फुगून.

टेक्निशियनने हात लावला, तशी हवा निघावी तसा तो सैल पडला.

चिऊ पायऱ्या उतरून गेली.

राहिला होता परीक्षेचा कागद. स्वच्छ हवेत विमान आपटलं, ही मशीनची नोंद. कारण लिहायचं होतं परीक्षकाने. दादा अर्धा तास पेन धरून बसला. खरं लिहावं, तर त्या नऊ वेळाही लिहाव्या लागणार होत्या.

त्याने लिहिलं, 'वैमानिकाची चूक. अनुत्तीर्ण.'

बापाला लावलं तेच लेकीला.

हे ऐकून मला कसंतरीच झालं. भुतापेक्षा त्या कागदाचंच जास्त.

"दादा, अजून वेळ गेली नाही. तिला सांगून टाक."

तो म्हणाला, "नोकरीची दोनच वर्षं राहिलीत रे."

पुढच्या महिन्यात चिऊची फेरपरीक्षा आहे. दुसरा परीक्षक नेमा म्हणून दादाने तीनदा अर्ज केला.

तिन्ही अर्ज परत आले. नामंजूर. कुणी नामंजूर केले ते ऑफिसात कुणालाच माहीत नाही.

सही वाचता येत नाही, म्हणतात. दादाने एकदाच पाहिली, तेच वळण, सहा वर्षांनी... आणि तो कागद उलटा करून ठेवला.