बोथट कात्री

"वकील," गंधाली पुटपुटली.

शेजारच्या माणसाचं पॉपकॉर्न तोंडाशीच थांबलं. "काय?"

"खुनी. खून कधी झाला, हे सगळ्यांनी विचारलं. यानं नाही."

"अहो, अजून मध्यंतरही नाही झालं!" तो कळवळला.

घाटकोपरच्या मल्टिप्लेक्समध्ये समीक्षकांसाठीचा खेळ होता. गंधाली दैनिकात परीक्षणं लिहायची. मुलुंडची पाडायला काढलेली सोसायटी, बंद लिफ्टमधलं प्रेत, एकमेकांवर पाळत ठेवणारे शेजारी… मराठीत असं कुणी करतंय, या आनंदात ती पुढे सरकून बसली होती. खुनी ओळखला तरी जीव गुंतला होता.

मध्यंतरानंतर मात्र वाट लागली. पाठलाग रंगात आला आणि नायिकेला स्वप्नात गाणं सुचलं. मग फ्लॅशबॅक. त्याच्या पोटात दुसरा फ्लॅशबॅक!

"अरे, कापा की कुणीतरी हे!"

"ते मीच कापायचं होतं," शेजारून आवाज आला. "मी सिद्धेश. या सिनेमाचा संकलक."

बाहेर टपरीवर चहा घेतानाही तिचा राग उतरला नव्हता. "इतकं झकास जमलं होतं ना! गाणं कशाला?"

"निर्मात्याचा हट्ट."

"आणि तू गप्प बसलास?"

"…हो."

"मी हे लिहिणार."

"लिही ना." तो हसला. इतकं छान हसणाऱ्यानं इतका भिकार उत्तरार्ध करावा? ती आणखीच चिडली. नंबर मात्र दिला.

'पूर्वार्ध घडवणारी कात्री उत्तरार्धात बोथट होते.' हे वाक्य तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं. हे वाचल्यावर हा कशाला फोन करतोय, असं वाटूनही तेच छापायला दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. पवईला, तलावाकाठी भेटले.

"वाचलं. राग आला. मग वाटलं, खरंच आहे. म्हणजे बघ… लहानपणी आम्ही नाहूरला असताना—"

"नाहूर कुठून आलं मध्येच?"

"पार्श्वभूमी सांगतोय गं."

"नको रे! मुद्द्याचं बोल."

"आवडतेस तू."

वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या मनगटावर येऊन पडली. तिनं ती ओढून घेतली नाही.

"उद्या संपादकांना सांगणारे," ती म्हणाली, "तुझ्या सिनेमांवर यापुढे मी लिहिणार नाही."

त्याचा चेहरा पडला. "इतका वाईट आहे मी?"

"अरे देवा…" तिनं कपाळावर हात मारला. "आपल्या माणसाच्या सिनेमाचं परीक्षण लिहीत नाहीत, वेड्या!"