मिटणारं जाळं

साल २०५८. मालवणच्या समुद्रात सकाळचं पहिलं जाळं वर आलं. तळाशी घासत ओढलेलं ते जाळं बोटीवर मोकळं झालं, तेव्हा आत्याबरोबर आलेली अकरा वर्षांची शर्वाणी थबकली. निवडणी करणाऱ्या यंत्रमानवाने, निवड्याने, कोलंबी आणि मोठे मासे टोपल्यांत भरले. उरलेला ढीग त्याने समुद्रात लोटला. त्यात बोटाएवढी सरंग्याची (पापलेटची) पिल्लं होती, खेकडे होते, समुद्रघोडेही होते. एकही पिल्लू पोहलं नाही. जाळ्यात चेंगरून ती केव्हाच मेली होती.

शर्वाणीने एक मेलेलं पिल्लू जाळ्याच्या भोकात घालून पाहिलं. ते सहज आरपार गेलं. मग ही सुटली का नाहीत?

निवड्याने तिला जाळ्याची आस (भोक) नीट बघायला सांगितली. ती शंकरपाळ्यासारखी होती. त्याच्या सांगण्यावरून तिने जाळं दोन्ही टोकांनी ओढलं, तर सगळे शंकरपाळे मिटून नुसत्या फटी उरल्या. बोट जाळं ओढते तेव्हा जाळ्याच्या शेपटाकडे, म्हणजे मासे साठतात त्या मागच्या टोकाला, हेच होतं, असं तो म्हणाला. आस चौकोनी असली की तिचे दोन दोरे ओढीच्याच दिशेने जातात, ताण तेच घेतात आणि भोक उघडं राहतं. तसलं शेपूट बोटीवर होतं, दोन वर्षं न वापरता पडलेलं.

शर्वाणी संतापली. बोटीची तांडेल (प्रमुख) असलेल्या दमयंतीआत्याला तिने जाब विचारला.

"अर्धी सुंगटा (कोलंबी) निसटतत त्यातसून," आत्या तुटकपणे म्हणाली.

शर्वाणी जाळ्यावरच जाऊन बसली. "हे पुढच्या वर्षीचे सरंगे होते, आत्या. आपण ते मारले आणि खाल्लेही नाहीत. हे जाळं पुन्हा टाकायचं तर मलाही त्यातच टाक."

आत्या तिला खूप बोलली. शर्वाणी हलली नाही. शेवटी आत्याने रागारागानेच निवड्याला दुसरं शेपूट आणायला सांगितलं. ते जाळ्याला शिवायला तास गेला.

पुढच्या खेपेला पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पिल्लं चौकोनांतून सुळकन निसटताना दिसली. थोडी कोलंबीही गेली. काही पिल्लं तरीही मेलेलीच वर आली, आणि शर्वाणीचा राग काही गेला नाही.

अर्धी नव्हे, थोडीच कोलंबी गेली, हे आत्याने पडद्यावर पाहिलं. मग तिने वायरलेस उचलून आसपासच्या बोटींना सगळं सांगितलं. दोघे हसले. तिसऱ्याने विचारलं, शेपूट शिवायला किती वेळ लागतो?