काठोकाठ भरलेला पेला

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी असा वारा सुटला, की देवळापुढचा दगडी सिंहसुद्धा उठून आडोशाला जाऊन बसला. खोटं वाटत असेल तर सिंहाला विचारा. त्याच वाऱ्याने पेइच्युनच्या बबल टीच्या टपरीवरचा प्यायच्या नळ्यांचा गठ्ठा उडवला आणि समोरच्या जुन्या चहाच्या पेढीत, थेट पेढी चालवणाऱ्या बोयेनच्या मांडीवर नेऊन टाकला.

ती नळ्या गोळा करायला आली... आणि त्याने ओतलेला चहा प्यायला थांबली.

मग रोजच थांबू लागली. तिच्या चहाला तो साबुदाण्याची खीर म्हणायचा. त्याच्या इवल्या पेल्यांना ती भातुकली म्हणायची. बोलता बोलता त्याने तिला पेढीची रीत सांगितली — पेला वर बोटभर रिकामा ठेवायचा. काठोकाठ भरला, तर पाहुण्याला ‘आता उठा’ म्हटल्यासारखं होतं. तिला हसू आलं. तिच्याकडे कप जरा कमी भरला, की गिऱ्हाईक भांडायला येई.

हिवाळ्यात तिच्या मालकिणीने तैपेइत नवं दुकान काढलं आणि ते सांभाळायला तिला बोलावलं. बातमी गल्लीभर झाली. बोयेनला मात्र ‘जाणार का’ एवढं विचारायचं धाडस होईना.

एका संध्याकाळी ती येऊन नेहमीच्या स्टुलावर बसली.

“तैपेइचं तुला सांगायचं होतं...”

तो ऐकत होता, ओतत होता, तिच्या ओठांकडे बघत होता — आणि चहा काठाला टेकला.

तिने पेल्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. पिशवी उचलली आणि गेली.

पेला उचलताना बोटं भाजली, तेव्हा कुठे त्याला उमगलं. इतके दिवस जपलेली ती बोटभर जागा नेमकी आजच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या टपरीपुढच्या रांगेत उभा राहिला. मागे मी होतो, म्हणून एक शब्द निसटला नाही.

“साखर किती?” तिने वर न बघताच विचारलं.

“काल मी मुद्दाम भरला नव्हता.”

“बर्फ?”

“पेल्याकडे बघतच नव्हतो गं. तुझ्याकडे बघत होतो... जाऊ नको म्हणायचा मला काय हक्क? पण जा, असं तरी मी म्हटलं नाही.”

रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, बाळा, चहा घे नाहीतर लग्न कर, पण रांग हलव.

पेइच्युनचा हात थांबला.

“तैपेइला मी नाही म्हणून कळवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “तेच सांगायला आले होते. वाक्य तरी पुरं करू द्यायचंस.”

“मग... राहतेस?”

“कशी राहू? रागाने घरी जाऊन पुन्हा फोन केला — येते म्हणून.” तिने मालकिणीला फोन लावला आणि खिडकीतून पुढे केला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “आता शब्द परत फिरवायची मला लाज वाटते. तू बोल.”

“काय सांगू?”

“खरं कारण.”

त्याने फोन कानाला लावला. पलीकडून मालकिणीने विचारलं, कोण बोलतंय.

“मी... पेइच्युनचा...” तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधायला त्याने इतका वेळ लावला, की शेवटी मावशींनीच तो फोनमध्ये ओरडून सांगितला. पेइच्युनने काही तो दुरुस्त केला नाही.