पाचाच्या आकड्याचा बिल्ला

"हाऊ बिल्ला मन्हा नवराना नही शे," कालीबाई दारातूनच म्हणाली.

रतिलाल गुजरने तिला आत बसवलं, पाणी दिलं. नंदुरबारात खाजगी तपासाची पाटी लावणारा तो एकटाच. उमेदीची वर्षं पुण्याच्या लष्करी कोठारात गेल्याने त्याची बोली शहरी झाली होती, आणि त्यावरून मिरचीचा दलाल पितांबर त्याची रोज थट्टा करी. १९३१ चा मे महिना होता. मिरचीचा हंगाम सरल्यामुळे पितांबर त्याच्याकडेच ठाण मांडून बसला होता.

कालीबाई अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली. तिचा नवरा रूपसिंग मोठ्या लढाईत पलटणीबरोबर गेला आणि बसऱ्याकडे हरवला. ना तो आला, ना मेल्याची खबर. आता दीर वीरसिंगने एक पितळी बिल्ला पुढे केला होता. भाऊ लढाईत मेला, ही त्याच्या टोपीवरची खूण, असं तो सांगत होता.

"परवा पंच बसतीन," ती म्हणाली. "त्यास्नी त्याले मरेल धरा, ते वावर वीरसिंगनं, आन मी भी त्यानाच घरमा. मले जानं नही."

"रूपसिंग जिवंत आहे असं तुला वाटतं?"

"त्यानी घोंगडी मी बियानानी कनगीवर ठेयेल शे. मरेल मानूसनी वस्तू आमनाकडे राख लायेल बियानाजोडे कोनी ठेवत नही. बी उगत नही."

तिने हात पुढे केला. विंचवाच्या गोंदणाखाली इंग्रजी वळणाचे तीन आकडे गोंदलेले होते.

"जावाना वखतले त्याना खांदावर पितळना व्हतात. मी तसाच गोंदी लिधात."

रतिलाल त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. पितांबरला त्यात गोंदणाचं कसब तेवढं दिसलं.

वीरसिंगला तो बिल्ला आणून देणारा करमसिंग नंदुरबारातच एका वखारीवर पहारा करी. जुना शिपाई, अजून ताठ उभा राहणारा.

"रूपसिंग मन्हा डोयासमोर पडना," तो म्हणाला. "सतरा सालले. टोपीवरना बिल्ला मी काढी लिधा. पेटीमा ठेवा, आन या होळीले वीरसिंगले दिधा."

"तू कधी सुटलास?"

"बावीसले पलटनी जोडी टाक्यात. त्यानंतर पाच वरीस काढात, मंग घर उनू."

"शेती आहे?"

"कसानी शेती, भाऊ? ईकतनं पीठ खास."

दुसऱ्या दिवशी रतिलाल आणि पितांबर प्रकाशा गावी तापी ओलांडून अक्कलकुव्याच्या त्या पाड्यावर पोचले. वीरसिंगने फडक्यातून बिल्ला काढला आणि डोळे पुसले.

"होळीपासून छातीशी धरेल शे. मन्हा भाऊनी एवढीच खूण."

वर मुकुट, मध्ये बिगुल, खाली पाचाचा आकडा. रतिलालने बिल्ला उलटा केला. मागच्या कडीत राख चिकटली होती. टाचणीने कोरल्यावर तिच्यातून दोन बारीक दाणे पडले.

"मोर शे हाई," पितांबर म्हणाला. डोंगरातली ती बारीक भगर त्याने लगेच ओळखली.

बाहेर येताच त्याने निकालही दिला. "करमसिंग लबाड शे. बिचारा वीरसिंग फसना."

"अर्धं बरोबर बोललास," रतिलाल म्हणाला. "तुझ्या मानाने पुष्कळ झालं."

पंच मोहाच्या झाडाखाली बसले. म्हातारा जान्या मुख्य होता. करमसिंगने साक्ष दिली, वीरसिंगने बिल्ला पुढे ठेवला. मग रतिलाल उठला.

"कालीबाई, हात दाखव. रूपसिंगच्या खांद्यावर तीन आकडे होते. लढाईत त्याच्या पलटणीचा क्रमांक शंभराच्या वर होता. बावीस साली पलटणी जोडल्या, तेव्हा नवे, लहान क्रमांक आले. हा पाच त्यातला. सतरा साली पडलेल्या माणसाच्या टोपीवर बावीसचा बिल्ला कुठून येणार? करमसिंग, बावीसनंतर पाच वर्षं तू नोकरीत होतास. हा बिल्ला तुझाच आहे."

करमसिंगने मान खाली घातली.

"म्हंजे पुरावा तिना हातवरच व्हता," पितांबर पुटपुटला. "काखेत कळसा आन गावाला वळसा."

वीरसिंग ताडकन उठला. "यानी मले भी फसाडं."

"नाही," रतिलाल शांतपणे म्हणाला. "बिल्ल्याच्या कडीत राख होती आणि राखेत मोर. खायच्या धान्यात कोणी राख कालवत नाही, बियाण्यात कालवतात. करमसिंगच्या घरी बियाणं नाही, तो पीठ विकत आणतो. होळीपासून बिल्ला तुझ्यापाशी आहे. छातीशी नव्हे, बियाण्याच्या कणगीत. आता पंचांना एवढंच सांग. ही मेलेल्या भावाची वस्तू आहे असं तुला वाटत असतं, तर ती तू बियाण्यात खुपसली असतीस?"

सगळ्यांच्या घरी कणगी होती, आणि पेरणी तोंडावर आली होती.

"बोल, वीरसिंग," जान्या म्हणाला.

वीरसिंग खाली बसला. जान्याने बिल्ला करमसिंगपुढे फेकला.

"वावर कालीबाईनं. रूपसिंग ऱ्हावो नहीते मरो, तिना मरजीबिगर तिले कोनी घरमा लई जावाव नही."

निघताना रतिलाल तिच्याजवळ थांबला. तपास फत्ते झाला होता, तरी त्याला चैन पडेना.

"बाई, बिल्ला खोटा ठरला. पण रूपसिंग जिवंत आहे असं मी म्हणालो नाही."

"मले ठाव शे," कालीबाई म्हणाली. "तो आते येवाव नही. कईनं ठाव शे. पन तो मरना आसं मी बोलती, ते त्याच दिन वीरसिंग दारमा उभा ऱ्हाता."

तिने पदराने तोंड पुसलं, पण डोळे पुन्हा भरून आले.

"आज घोंगडी उतारसू," ती म्हणाली. "आते मी रडाले मोकळी शे."

आणि ती तिथेच, झाडाखाली बसून, चौदा वर्षांचं साचलेलं रडणं रडू लागली.