चार तासांचा झेंडा

“आमच्या घरात धावणारा हा एकटाच,” बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, आणि चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली ताई जागच्या जागी थबकली.

बाहेरच्या खोलीत तिच्या धाकट्या भावाचं कौतुक चाललं होतं. विमा कंपनीतला अधिकारी, दोन वर्षांत सुटलेलं पोट उतरवलं, अर्धमॅरेथॉन पुरी केली, ऑफिसच्या मासिकात फोटो छापून आला, आणि येत्या रविवारी तर पूर्ण बेचाळीस किलोमीटर... शेजारीण भारावून गेली होती. ताईने कप पुढे केला तेव्हा ती आपुलकीने म्हणाली, “तूपण जातेस ना गं सकाळी पळायला? बरंय, वजन आटोक्यात राहतं.”

ताई नुसती हसली. काय सांगणार होती ती? की धावणं हाच गेली कित्येक वर्षं तिचा पेशा होता, त्यात पायाची नखं किती वेळा गळून पडली याची गणती तिने कधीच सोडून दिली होती, आणि आता अडतिशीत वेग उतरल्यावर ती हौशी मंडळींच्या क्लबला शिकवत होती, शर्यतीत पेसर म्हणून धावत होती! पाठीला ठरलेल्या वेळेचा झेंडा बांधायचा आणि ज्यांना त्या वेळेत पोचायचंय त्यांना एका लयीत शेवटपर्यंत न्यायचं, हे तिचं काम. बाबांच्या लेखी ते काम नव्हतंच.

त्यांचा रागही जुनाच होता. सोळा वर्षांपूर्वी राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली होती. तिने बॅग भरली, आणि त्याच आठवड्यात चौदा वर्षांच्या धाकट्याच्या मांडीचं हाड मोडलं. आई आदल्या वर्षीच गेलेली, बाबा छापखान्यात पाळीवर... त्याची कूस बदलायला, त्याला न्हाऊ-माखू घालायला घरात होतं तरी कोण? ताईने बॅग रिकामी केली आणि सांगितलं, “मलाच कंटाळा आलाय धावण्याचा.” बाबांनी ते खरं मानलं. धाकटा चालता झाल्यावर ती पुन्हा धावू लागली, पण शिबिराची संधी परत आली नाही. ‘हिला संधी आली होती, पण हिनेच कच खाल्ली,’ हे वाक्य तेव्हापासून या घरात पाहुण्यांना ऐकवलं जाई, आणि प्रत्येक वेळी तिच्या अंतःकरणाला पुन्हा तसाच चरा पडे.

कप विसळायला ती आत गेली तसा धाकटा मागोमाग आला. “ताई, मी रविवारी तुझ्याच झेंड्यामागे राहतो. चार तासांत पोचायचंय. फक्त तिथे भाऊ-भाऊ करू नकोस हं. लोक म्हणतील, घरचाच वशिला.”

“नाही करत,” ती म्हणाली. नळाचं पाणी तिने जरा मोठंच सोडलं.

रविवारी तिच्या मागे तीसेक जण होते. त्यात दिवसभर वॉर्डात उभी राहून थकणारी, तरीही वर्षभर एक दिवस न चुकवलेली एक परिचारिका होती. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला धाकटा झेंडा ओलांडून पुढे निघाला. “मागे ये, वेग जास्त होतोय,” ताईने हाक मारली. त्याने हात हलवला आणि दिसेनासा झाला.

चौतिसाव्याला तो रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला, पोटरी धरून, चेहरा वेदनेने पिळवटलेला. “ताई, थांब ना.”

तिची पावलं दोनदा अडखळली. तिने त्याचा चेहरा पाहिला, डोळे पाहिले. शुद्धीत होता, घाम येत होता, नुसता पेटका होता. मागे त्या तीस जणांचे श्वास ऐकू येत होते. “पाय ताणून धर. वळणावर मदतकेंद्र आहे, तिथपर्यंत चालत जा,” ती म्हणाली, मदतकेंद्राकडे बघून हात उंचावला, आणि पुढे गेली. पुढचे दोन किलोमीटर तिला रस्ता धूसर दिसत होता... तरी लय तिने ढळू दिली नाही. तीन तास एकोणसाठ मिनिटांनी ती पोचली. परिचारिका तिच्या गळ्यात पडून रडली.

धाकटा तासाभराने लंगडत आला.

दुपारी बाबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. “सख्खा भाऊ रस्त्यावर कळवळत होता आणि तुला त्या झेंड्याची पडली होती?”

“ते माझं काम होतं, बाबा.”

“पळण्याला काम म्हणायचं? मग आम्ही आयुष्यभर काय केलं? दोन मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? कधी कुणासाठी थांबायचं असतं, हे कळतं का तुला?”

ताईचा हात ताटावरच राहिला.

“एकदा थांबले होते,” ती म्हणाली.

मग धाकट्याने हळूच विचारलं, “ते शिबिर... माझं प्लास्टर होतं तेव्हाचं ना?”

ताईने मान हलवली.

“तू तर म्हणाली होतीस, कंटाळा आला.”

“खरं सांगितलं असतं तर तू पुन्हा चालायला शिकताना पावलापावलाला माझी माफी मागत बसला असतास.”

धाकट्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं. हातांआडून त्याचा ओला आवाज आला. “बाबा, मी थांब म्हणालो तेव्हा हिच्यामागे तीस माणसं होती. मला ती दिसलीच नाहीत.”

बाबा उठले, आपल्या खोलीत गेले. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत, आणि ताईला वाटलं, बोलून काय मिळवलं आपण? एका म्हाताऱ्या जिवाला घोर तेवढा लावला...

तिसऱ्या दिवशी सकाळी ती क्लबच्या मंडळींना वळणाचा सराव देत होती, तेव्हा मैदानाच्या कुंपणापाशी बाबा उभे दिसले. या मैदानावर ते पहिल्यांदाच येत होते. ती धावत त्यांच्याकडे गेली. “काय झालं? बरं वाटत नाही का?”

“बरं आहे.” त्यांनी कुंपणाची तार घट्ट धरली होती. नजर जमिनीवर होती. “एक विचारायचं होतं. तेव्हा... शिबिराला निवड झाली तेव्हा, तुला किती वेळ लागायचा गं?”

“दहा किलोमीटरला चौतीस मिनिटं, वीस सेकंद.”

“चौतीस मिनिटं, वीस सेकंद,” बाबा हळूहळू म्हणाले. मग ओठांतल्या ओठांत, पाठ करावं तसं, पुन्हा एकदा.