आतून आलेली टक

पटलं तर घ्या, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. रात्रबित्र नव्हती. भरदुपार होती, विमानं जोडायची शेड होती, आणि आत माझा सख्खा भाऊ होता.

विमानाच्या धडाचा बहुतेक भार वरचा पत्राच पेलतो. म्हणून पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट, म्हणजे धातूची खिळी, नीट बसावा लागतो. आमचे काका बाहेरून ठोकायचे. आतला माणूस पलीकडून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो आणि पत्र्यावर वाजवून सांगतो. एक टक म्हणजे अजून ठोक. दोन म्हणजे झकास, पुढे चल.

आधी आत काकांचा जोडीदार असायचा, ठोकळा धरतो म्हणून सगळे त्याला ठोकळ्या म्हणायचे. त्याची दुसरी टक नेहमी जरा थांबून यायची. शेवटच्या आजारात काकांना म्हणाला, "माझ्या जागी कुणाला घालू नकोस हं."

काकांनी हसण्यावारी नेलं. तो गेला आणि दादा त्या जागी लागला.

दादाच्या दोन्ही टक लागोपाठ. घरी भाजी आवडली की ताटावरही वाजवायचा.

त्या दुपारी दादा सरपटत शेपटीत शिरला. काकांनी पहिला रिव्हेट ठोकला.

टक…

टक.

"अरे वा! अगदी ठोकळ्यासारखं!" काका खूश.

अख्खी ओळ झाली. 'अजून ठोक' एकदाही आलं नाही.

"चल, ये बाहेर. चहा घेऊ."

काकांनी पत्र्याला कान लावला.

"झोपलास की काय रे?"

टक…

टक.

काका आत शिरले. दादा पालथा पडला होता. हात दिव्याच्या सोललेल्या वायरवर. अंग गार.

ठोकळा त्याच्या पिशवीतच होता. काढलाच नव्हता. आणि रिव्हेट? आतून सगळे एकसारखे, सुरेख चेपलेले.

"लगेच बाहेर काढलं असतं तर…" डॉक्टर एवढंच बोलले.

लगेच कसं काढणार? आतून कुणीतरी 'झकास' सांगत होतं ना!

काकांनी काम सोडलं. आमच्या दारावर आता कुणी टकटक करत नाही, हाक मारतात.

काल संध्याकाळी आई दादाच्या फोटोपुढे बसली होती. रोजच्यासारखं विचारलं, "बरा आहेस ना रे, बाळा?"

भिंतीतून आवाज आला…

टक…

टक.

आई हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"ऐकलंस ना गं? बरा आहे तो!"

 मी मान डोलावली. काय सांगणार होते तिला?

आज सकाळपासून तिने तीनदा विचारलंय.

तिन्ही वेळा उत्तर आलं. थांबून.