बिनआईचं बटण

"प्रत्येक बटणाला आई लागते, चिमणे. आई नसली, की ते बिचारं एकटंच पडद्यावर येऊन उभं राहतं..."

हे दादा मला सांगायचा तेव्हा मी शाळेत होते. बटण ज्या खिडकीत बसतं ती खिडकी त्याची आई. कोडमध्ये आईचं नाव लिहायला विसरलं, की बटण पोरकं होतं. पडद्यावर कुठेही तरंगत राहतं.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी सांगतेय ते घडलेलं आहे. विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. मी दिवसभर कोड लिहिणारी बाई, भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस, लख्ख उजेड, आठ जणांचे कीबोर्ड टकटकत होते.

आम्ही टूलकिट बनवतो. खिडक्या, बटणं, यादीचे चौकोन, असे पडद्यावरचे तयार सुटे भाग. बाकीचे प्रोग्रामर ते जोडून आपापली सॉफ्टवेअर उभी करतात. त्यातला भाग न् भाग दादाने घडवलेला. गिऱ्हाइकं सांभाळायचे ते त्याचे भागीदार. त्यांना सगळं ऑफिस मामा म्हणतं.

टूलकिटमध्ये एक इवलीशी खिडकी आहे, 'आमच्याविषयी'. तिच्यात दादाचं नाव होतं. आता तिथे एकट्या मामांचं आहे.

"तो गेल्यावर काढलं गं," मामा म्हणाले होते. "नव्या लोकांना काय सांगायचं, कोण हा?"

मी गिळलं ते. कारण एकच दिलासा होता... दादाने ते बघितलं नाही.

त्या मंगळवारी माझ्या पडद्याच्या मधोमध एक बटण उगवलं.

खिडकी नाही. चौकट नाही. नुसतं बटण. त्यावर लिहिलेलं, 'बरं'.

दादा 'ठीक आहे' कधी लिहायचा नाही. 'बरं' लिहायचा. मामांनी ते सगळीकडून बदलून घेतलं होतं.

मी सगळा कोड धुंडाळला. 'बरं' कुठेच नव्हतं.

शेजारची टेस्टर खिदळली. "तुझ्यावर जीव जडलाय त्याचा! माझ्याकडे बघ, साधा एररसुद्धा फिरकत नाही."

मी दाबलं. ते गेलं.

बुधवारी, सव्वातीनला, पुन्हा आलं. मी सगळे प्रोग्राम बंद केले. नेटची वायर उपसली.

बटण तिथेच...

गुरुवारी टेस्टर हसली नाही.

त्या दिवशी बटणाच्या वर लिहायची एक रिकामी पट्टी होती. तिच्यात कर्सर लुकलुकत होता.

आणि एकाएकी ऑफिस गप्प झालं. माणसं समोर होती, बोटं हलत होती, पण एकाही कीबोर्डचा आवाज येईना.

मग... टक टक.

लाकडावर नखाचे दोन ठोके. विचार करताना दादा असेच वाजवायचा. दोन वर्षं रिकाम्या असलेल्या त्याच्या टेबलाकडून आला तो आवाज.

माझे हात मांडीवर होते. तरी पट्टीत अक्षरं उमटत गेली.

नीट... बघितलंस... का?

आमच्याकडे एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय आत जात नाही. आणि मी काहीही मंजूर करण्याआधी दादा हेच विचारायचा.

मी 'आमच्याविषयी'चा इतिहास उघडला, म्हणजे कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद. आजवर उघडला नव्हता. हिंमतच झाली नव्हती.

नाव काढल्याची तारीख... दादा जाण्याच्या नऊ दिवस आधीची.

बदल करणारे: मामा.

मंजूर करणारी: मी.

तो दिवस डोळ्यांपुढे आला. हॉस्पिटलचा जिना. मी दादाची औषधं घेऊन चढतेय. मामांचा फोन. "अगं, चारशे फाइली आहेत, पण नुसते रंग बदललेत. फोनवरूनच मंजूर कर. मी आहे ना!"

मी आहे ना.

त्या शब्दांवर विसंबून मी मंजूर केलं होतं. एकही ओळ न वाचता. चारशे फाइलींच्या ढिगात त्यांनी माझ्या भावाचं नाव पुरलं, आणि माती माझ्या हातून लोटून घेतली.

बटण अजून येतं. सव्वातीनला. मी आता ते दाबत नाही... दाबायला बोट धजत नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी तडक वहिनीकडे गेले. ती वाळलेल्या चादरीची घडी घालत होती. दुसरं टोक मी धरलं.

"वहिनी, शेवटी त्याने लॅपटॉप उघडला होता का गं?"

"झालं ते झालं. चहा टाकते."

"चहा नको. सांग मला."

तिच्या हातातलं टोक सुटलं.

"बघितलं त्याने," ती म्हणाली. "लॅपटॉप मीच धरला होता. आपलं नाव नाही म्हटल्यावर त्याने इतिहास उघडला. तुझ्या नावावर बोट ठेवून बसला किती तरी वेळ."

"पण वहिनी, शेवटचे आठ दिवस तू मला दारातूनच परत पाठवलंस. डॉक्टरांनी मला आत का सोडलं नाही?"

तिने चादरीचं पडलेलं टोक उचललं.

"डॉक्टर कशाला अडवतील गं? तो म्हणाला होता, चिमणीला आता आत आणू नकोस."